पंचवीस अंशांची गोळी

आमच्या गटात एकही परीक्षानळी नाही हे मी आईला सहा वर्षं सांगतेय, आणि सहा वर्षं ती मला एकच विचारतेय, "मंग तू रसायनवाली कशी व?"

तिचं काही चूक नाही. रसायनशास्त्र म्हटलं की लोकांना रंगीत द्रावणं, धूर आणि जळका अ‍ॅप्रन दिसतो. वैनगंगा विद्यापीठाच्या संगणकीय रसायनशास्त्र गटात यातलं काहीच नाही. आम्ही नऊ माणसं, नऊ पडदे आणि शेजारच्या खोलीत एक भलामोठा संगणक. त्या महाशयांना उकाडा सोसत नाही, म्हणून बाहेर शेहेचाळीस अंशांत डांबर वितळत असताना आम्ही आत स्वेटर घालून बसतो. मी तर मे महिन्यात कानाला रुमाल बांधते. हसायचं त्यानं हसावं, कान माझे आहेत.

गटाच्या प्रमुख डॉ. निर्मला डोर्लीकर. उंचीला पाच फुटांत दोन इंच कमी, पण त्या व्हरांड्यातून येताना दिसल्या की गप्पा छाटणारे प्राध्यापक आपापल्या खोलीत शिरतात. त्यांच्यासारखं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. हे त्यांच्या तोंडावर बोलायची सोय नाही, स्तुती सुरू केली की त्या म्हणतात, "कामाचं बोल."

त्यांचा एक रिवाज होता. दर शनिवारी अकरा वाजता सगळ्यांनी गोल बसायचं आणि आठवडाभरातली आपली एक चूक सांगायची. या आठवड्यात चूकच नाही असं कुणी म्हटलं, तर मॅडम म्हणायच्या, "म्हणजे काम केलं नाहीस, नाहीतर तपासलं नाहीस." सगळ्यांत चांगल्या चुकीला सगळ्यांत मोठी पुडाची वडी. संगणक सांभाळणारे आमचे नवाजभाई एकदा तीन आठवडे हायड्रोजनचा एक अणू विसरून गणित चालवत बसले होते. त्या शनिवारी त्यांना दोन वड्या मिळाल्या, आणि वर म्हणतात कसे, "एवढ्याशा अणूला दोन वड्या! सोन्याचा अणू विसरलो असतो तर अख्खं ताट मिळालं असतं."

आता मुद्द्याचं. परड म्हणजे घोणस. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ती वाळक्या पानांत पडलेली असते आणि पाय पडेपर्यंत दिसत नाही. तिच्या विषात बारीक बारीक कात्र्या असतात असं समजा. त्या रक्तवाहिन्यांच्या भिंती कातरतात, रक्त गोठवणारी द्रव्यं संपवून टाकतात, आणि माणसाला आतल्या आत रक्तस्राव होत राहतो. यातल्या सगळ्यांत दुष्ट कात्रीच्या बिजागरीत जस्ताचा एकच अणू असतो. त्या अणूला घट्ट धरून बसणारा एखादा छोटा रेणू मिळाला, तर कात्री चालतच नाही.

पण असा रेणू शोधायचा कुठून? बनवता येण्यासारखे रेणू अब्जावधी. एकेक करून बघायचा तर सात पिढ्या जातील. गणितानं बघावं, तर रेणूतला प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकीच्या सगळ्या इलेक्ट्रॉनना ढकलत असतो. ते नीट मांडायला एका रेणूला महिना लागतो, आणि घाईनं मांडलं तर उत्तर भलतंच येतं. डोर्लीकर मॅडमनी बारा वर्षं खपून एक शिकणारी प्रणाली उभी केली. आम्ही तिला 'चाळण' म्हणायचो. चाळणीला आधी काही लाख रेणूंची सावकाश केलेली गणितं शिकवली. मग नवा रेणू दाखवला की ती क्षणात सांगायची, हा कुठे चिकटेल, किती घट्ट चिकटेल आणि किती दिवसांनी तुटेल. आईला कसं, झाकण न उघडता भात शिजलाय की नाही ते कळतं, तसंच. हजार वेळा भात केल्यावर ते कळायला लागतं.

"इतक्या आजारांत परडच का?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"श्रीमंत देशांत परड नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे हे गणित दुसरं कुणी करणार नाही. चल, बस."

चाळणीनं सत्तर कोटी रेणूंतून एक काढून दिला. तो दुसऱ्या एका संस्थेत बनला, उंदरांवर तपासला, मग माणसांवर. सगळीकडे पास. गोळी खाल्ली की विषाच्या कात्र्या सहा तास बंद. दवाखान्यातल्या सलाइनमधून देतात त्या प्रतिविषाची जागा ती घेत नाही, पण जंगलातून दवाखान्यापर्यंत जिवंत पोचायला सहा तास मिळतात. आमच्याकडे तेवढा वेळ न मिळाल्यानंच माणसं मरतात.

हे सगळं २०३९ सालचं. चाळणीसारख्या प्रणालींची उत्तरं एव्हाना इतकी बरोबर येऊ लागली होती, की औषध किती टिकतं ते पाहायला बाटल्या दोन-दोन वर्षं कपाटात ठेवायची अट सरकारनं काढून टाकली होती. गणिताचा दाखला पुरे. आमच्या गोळीचा दाखला मी तयार केला. टिकाऊपणा तीन वर्षं. खाली मॅडमची सही.

एकवीस मार्चला बावीस गावांत गोळ्या वाटल्या. त्यातलं एक माझं, पिपरटोला. आईनं गावभर डांगोरा पिटला. विडीसाठी तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या तीस-पस्तीस बायकांना तिनं एकेकीच्या घरी जाऊन सांगितलं, "माह्या समूची गोळी हाय. भ्यायचं काम नाई." अंगणवाडीतसुद्धा शिकलेली नाही माझी आई, पण त्या आठवड्यात ती गावातली डॉक्टरीण झाली होती. मला फोनवर ते ऐकताना इतकं बरं वाटायचं की काय सांगू.

अठ्ठावीस एप्रिल, गुरुवार. दुपारी तिचा फोन आला. हंगाम सुरू होऊन तीन दिवस झाले होते. सकाळी तोडलेल्या पानांचे, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत ती अंगणात बसली होती.

"समू, तुझ्या गोळ्या पिकल्या व."

"गोळ्या पिकत नसतात, आई."

"मंग पिवळ्या काऊन झाल्या? आधी पांढऱ्याफेक होत्या. शेजारची रेखा म्हणते, पिकल्यावर आणखी लवकर लागू होते."

मी हसले. हसता हसता विचारलं, "ठेवल्यास कुठं?"

"दोन कमरेले, पदरात बांधून. बाकीच्या वर, पत्र्याखालच्या फळीवर. उंदरं लागत नाई तिथं."

पत्र्याखाली. फोन ठेवला आणि मी दाखल्याची मूळ फाइल उघडली. वरपासून वाचत आले. रेणूची रचना बरोबर. तुटायला लागणारी ऊर्जा बरोबर, ती तर मॅडमनी पाच वेळा तपासली होती. फक्त एक ओळ नव्हती. तापमानाची.

ती ओळ रिकामी सोडली की गणित आपलं आपण २९८.१५ हा आकडा धरतं. केल्व्हिनमध्ये. म्हणजे पंचवीस अंश सेल्सिअस. जगातल्या रसायनशास्त्राचे सगळे तक्ते त्याच तापमानाचे असतात, आणि आम्ही लोक त्यावरच वाढतो. पाच-सहा वर्षांनी ते आम्हाला तापमान वाटेनासंच होतं.

पंचवीस अंश! पिपरटोल्यात पंचवीस अंश दिवाळीनंतर असतात, तेही सूर्य कलल्यावर. त्या गावात जन्मलेली, पत्र्याच्या घरात वाढलेली मी, कानाला रुमाल बांधून, माझ्याच आईच्या गोळीला थंड हवेच्या ठिकाणी पाठवून मोकळी झाले होते. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला म्हटलं असतं, शेण खाल्लंस. तिथे दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच मला म्हटलं.

तापमान घालून गणित पुन्हा चालवलं. उष्णता वाढली की रेणू जास्त जोरात थरथरतो आणि तुटायला लागणारी उडी त्याला सोपी होते. थोड्या अंशांनी वेग दसपट-वीसपट होतो. सत्तेचाळीस अंशांना तीन वर्षांचे झाले चोपन्न दिवस. तापलेल्या पत्र्याखाली पंचावन्न अंश धरले, तर वीस दिवस. आणि या रेणूची खोड अशी, की तुटलेला तुकडा शेजारच्याला तोडायला मदत करतो. मुदत संपली की गोळी भराभर मरते. वाटून अडतीस दिवस झाले होते, आणि कमरेच्या गोळ्याही हंगाम लागेपर्यंत पत्र्याखालीच होत्या.

म्हणजे बावीस गावांत बायका खडू कमरेला बांधून जंगलात चालल्या होत्या.

आता जे सांगते ते सांगायची मला लाज वाटते, तरी सांगते. माझ्या मनात पहिलं आलं ते शनिवारचं. शनिवारी आरोग्य खात्याचे मोठे अधिकारी येणार होते, अकरा जिल्ह्यांत गोळी न्यायच्या कागदावर सही करायला. मॅडमच्या बारा वर्षांचं चीज होणार होतं. माझी पीएचडी त्याच कागदावर उभी होती. दोनच दिवस गप्प बसायचं. सही होऊ द्यायची, मग 'सुधारित गोळी' म्हणून नवी पाठवायची, जुन्या गुपचूप परत घ्यायच्या. कुणाला कळणार होतं? दोन दिवसांत परड चावेलच असं थोडंच आहे? फक्त आईला तेवढं सांगून ठेवायचं. मी पुन्हा फोन लावला.

"आई, त्या गोळ्या फेकून दे. सगळ्या. काही चावलं तर गोळीच्या भरवशावर राहू नको, सरळ दवाखान्यात जा."

"काऊन?"

"खराब झाल्या. उन्हानं."

पुडा बांधायची दोरी दातात धरली असावी, कारण मग बोलली ती तोंडात काहीतरी धरून. "मलेच सांगून राहिली का सगळ्या बायाइले सांगून राहिली?"

"तू तर फेक आधी," मी म्हटलं.

"मी घरोघरी जाऊन सांगतलं व समू, भ्यायचं काम नाई म्हणून. मी फेकू आन् रेखा कमरेले बांधून जाऊ दे?"

मी फोन ठेवला आणि उठले. शनिवारच्या गोलात सांगावी अशी ही चूकच नव्हती. मॅडम खोलीत उशिराचा डबा खात होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रिकामी ओळ, पिवळ्या गोळ्या, चोपन्न, वीस. शनिवारपर्यंत गप्प बसायचा विचार आला होता, तेही सांगितलं. सांगताना रडले. त्यांनी भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला.

"तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"आईला. तिला आधी फोन केला."

वाटलं, आता ऐकावं लागणार. मॅडम म्हणाल्या, "माझी आई तिथं असती तर मीही आधी तिलाच केला असता. आता डोळे पूस. बावीस गावं आहेत."

त्यांनी जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला. "डोर्लीकर बोलतेय. आमची गोळी निकामी आहे. आज दिवस मावळायच्या आत बावीसही गावांतून परत घ्या." पलीकडून शनिवारचा विषय निघाला असावा. "शनिवारचं शनिवारी बघू. गोळी आज परत घ्यायची." मग पलीकडून विचारलं गेलं, चूक कुणाची. "दाखल्यावर सही माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "मी तो कागद नीट वाचला नाही. लिहून हवं असेल तर आत्ता पाठवते." आणि त्यांनी खरंच तेवढंच लिहिलं, दोन ओळी. माझं नाव त्यात नव्हतं. मी हट्टानं माझ्या नावाची तिसरी ओळ घालायला लावली. बारा वर्षांचं काम त्यांनी दोन मिनिटांत स्वतःच्या हातानं उतरवून ठेवलं. मी तेव्हा त्यांच्या पाया पडले असते, पण त्या ओरडल्या असत्या.

पुढचे चार तास आम्ही नऊही जण फोनवर होतो. प्रत्येक ग्रामपंचायतीला भोंगा असतो. नवाजभाई म्हणाले, "समीक्षा, आवाज तुझा देऊ. आमच्या पुस्तकी मराठीवर कोण विश्वास ठेवणार?" मी माइकसमोर बसले. "मी पिपरटोल्याच्या छायाबाई नन्नावरेची पोरगी, समू बोलून राहिली. त्या गोळ्या मी केल्या. माझ्याकडून चुकलं. उन्हानं त्या मेल्या. आशाताई येईल तिच्याजवळ साऱ्या देऊन टाका. काही चावलं तं गोळीची वाट पाहू नका, हातातलं टाका आन् दवाखान्यात जा." संध्याकाळी सातला शेवटच्या गावातून गोळ्या जमा झाल्याचा फोन आला.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला आईला परड चावली.

रेखाकाकूंचा फोन आला तेव्हा आईला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून अडतीस किलोमीटरवरच्या दवाखान्याकडे निघाले होते. मॅडमनी माझ्या हातून फोन घेतला, पत्ता विचारला, गाडीची किल्ली उचलली आणि स्वतः चालवत मला घेऊन निघाल्या. वाटेत एकदा, माझी मान गुडघ्यात गेली तेव्हा, माझ्या पाठीवर हात ठेवला.

पावणेआठला आईला प्रतिविष सुरू झालं होतं. दोन दिवस तिथले डॉक्टर तिच्या पलंगाशी येरझाऱ्या घालत होते. शनिवारी विद्यापीठात अधिकारी आले तेव्हा नवाजभाईंनी त्यांना माझी चुकलेली फाइल दाखवली, सही झाली नाही. मॅडम तिकडे गेल्याच नाहीत. त्या दवाखान्यात, आईच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर होत्या.

रविवारी आईनं पहिल्यांदा नीट डोळे उघडले. पाय मांडीपर्यंत सुजून काळानिळा झाला होता, पण रक्त गोठू लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, "अजून तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं."

"गोळी फेकली म्हणून लवकर आली मी," आई म्हणाली. पाणी प्यायली. मग अगदी सहज म्हणाली, "गोळी असती तं घाई नसती केली. पानाइची ओटी अर्धीच भरली होती. खाल्ली असती गोळी, भरली असती ओटी, घरी जाऊन पुडे बांधले असते. मंग पाहिलं असतं, पाय दुखते का नाई ते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आई, अगं चांगली गोळी असती तरी?"

"चांगली असती तं कायले उठते कोणी? गोळी कायले असते मंग? काम खोळंबू नाई म्हणून न?"

मॅडम स्टुलावरून पुढे सरकल्या. "छायाबाई, बाकीच्या बायकापण असंच करतील?"

"साऱ्या." आईला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "मी ते सहा तास दवाखान्यात पोचायला मोजले होते."

"मोजले ते चांगलं केलं बाई तुमी," आई समजूत घालत म्हणाली. "पर आमाले इचारलं नाई."

इतक्या हुशार माणसाला कुणी असं बोलावं आणि त्या माणसानं ते तसंच ऐकून घ्यावं, हे मी पहिल्यांदा पाहत होते. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही. पर्समधून पेन काढलं, डॉक्टरांच्या टेबलावरचा एक कोरा कागद घेतला आणि म्हणाल्या, "आता विचारते. सांगा, गोळी कशी पाहिजे?"

आई छताकडे बघत विचार करू लागली.

"कडू," ती म्हणाली.

"कडू?"

"जहर कडू. खाल्ली का बाईनं जंगलभर बोंब मारली पाहिजे. आमी बाया कोणाले सांगत नाई न, काय चावलं ते. साऱ्याइचा दिवस बुडते म्हणून गप राहतो. बोंब मारली का साऱ्या धावून येते. मंग कोणी तिले पान तोडू देत नाई. उचलून नेते."

मॅडमनी कागदावर लिहिलं, 'कडू', आणि माझ्याकडे पाहिलं. जिभेवर कडू चव ओळखणारी ठिकाणं असतात, रेणू तिथे चिकटला की कडू लागतं. आजवर जगातल्या प्रत्येक औषधवाल्यानं ती चव झाकायचं गणित केलं. वाढवायचं कुणी केलं नव्हतं.

"चाळणीला शिकवता येईल?" मॅडमनी विचारलं.

"येईल," मी म्हटलं.

चौदा महिने लागले. नवी गोळी आधी पिपरटोल्यातल्या पत्र्याखाली एक अख्खा उन्हाळा ठेवली, मग वाटली. दुसऱ्या हंगामात रेखाकाकूंना परड चावली. त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि त्यांची बोंब, म्हणतात, नाल्यापलीकडच्या गावात ऐकू गेली. चौतीस बायका आपापली ओटी तिथेच टाकून धावल्या. सगळ्यांत पुढे, लंगडत, माझी आई होती.